खाचेवरचे कुंकू

“पुन्हा पीळ पडला, आईसाहेब.”

मृणालने माउसवरचा हात उचलला आणि मला पडदा नीट दिसावा म्हणून खुर्ची बाजूला सरकवली. पडद्यावर आमचा पंप दिसायला हवा होता. त्याऐवजी पिळून दोरीवर टाकलेल्या ओल्या लुगड्यासारखा एक करडा गुंता मध्येच आवळलेला दिसत होता, आणि त्याखाली लाल अक्षरांत संगणकाने आपली असमर्थता कळवली होती.

“काय म्हणतोय तो?” मी विचारले.

“म्हणतोय, हा आकार स्वतःलाच छेदतोय. मला जमणार नाही.”

“ ‘जमणार नाही’ हे शब्द या इमारतीत माणसांनासुद्धा माझ्या परवानगीशिवाय उच्चारता येत नाहीत. सांग त्याला.”

सून हसली. मी हसले नाही, पण मला ते आवडले. चार वर्षांपूर्वी सांगलीकडच्या पंपवाल्या घराण्यातून ही मुलगी मी स्वतः निवडून आणली होती. इंजिनियर होती, उंच होती आणि माझ्यासमोर बोलताना नजर खाली घालत नव्हती. तिच्या वडिलांचा, विश्वासरावांचा, कारखाना आमच्यापेक्षा मोठा होता. पण पंप आमचा चांगला होता, आणि हे त्यांनाही ठाऊक होते.

आमचा पंप म्हणजे जलवंती. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या माळावर फौंड्री उभारल्यावर यजमानांनी पहिला पंप केला तो हाच. त्याचे बाहेरचे बीडाचे कवच शंखासारखे वळत जाते. जिथून वळण सुरू होते त्या जिभेपाशी ते निमुळते असते आणि तोंडापाशी रुंद होते. त्या शंखाला आठ ठिकाणी आडवा छेद दिला तर आत पाण्याला किती वाट आहे ते कळते. त्या आठ छेदांचे आठ पितळी फर्मे यजमानांनी स्वतःच्या हाताने कानशीने घासून केले होते. पॅटर्न शॉपच्या भिंतीवर ते ओळीने टांगलेले असत. फर्मे कधीही गेटबाहेर जायचे नाहीत, हा त्यांचा नियम होता. ते गेल्यावर तो माझा झाला.

त्या वर्षी, ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात त्या जुन्या लाकडी पॅटर्नला आरपार भेग गेली. नवा पॅटर्न यंत्रावर कापायचा, तर पंपाची आकृती संगणकात हवी होती. मी यशोधनला, माझ्या एकुलत्या एका मुलाला, बोलावून सांगितले, “आठही छेद फर्म्यांवरून तू स्वतः उतरवायचेस. ड्राफ्ट्समन नाही, मिस्त्री नाही. तुझ्या वडिलांनी जे हाताने घडवलं ते तुझ्या हाताखालून एकदा जाऊ दे. खंडेनवमीच्या पूजेनंतर किल्ल्या तुझ्या.”

“एवढंच ना?” तो म्हणाला होता.

पहिले चार त्याने पॅटर्न शॉपमध्ये माझ्या देखत काढले. उरलेले चार केबिनमध्ये बसून करतो म्हणाला, आणि केलेही. आता खंडेनवमी दुसऱ्या दिवसावर आली होती. रेघांच्या त्या आठ आकृत्यांवर कातडे चढवून त्यांचा एक सलग शंख करायचे काम तेवढे मृणालकडे होते. त्याला ती लॉफ्ट म्हणत असे. आठ छेद एकामागोमाग उभे करायचे, संगणकाला आज्ञा द्यायची आणि तो पहिल्यापासून आठव्यापर्यंत पृष्ठभाग ताणत नेतो. आज सकाळपासून तो ताणत नव्हता.

“एखादी आकृती उघडी राहिली असेल,” मृणाल म्हणाली. “रेघेची दोन टोकं जुळली नसतील, तर त्याला आत कुठलं आणि बाहेर कुठलं ते कळत नाही.”

तिने एकेक छेद मोठा करून पाहिला. तिसऱ्यात डोळ्यांना न दिसणारी फट निघाली. ती तिने बुजवली आणि पुन्हा आज्ञा दिली. पुन्हा लुगडे.

“मग बाजूंची संख्या,” ती पुटपुटली. “एकाला चार बाजू आणि दुसऱ्याला पाच असतील तर तो कुणाला कुणाशी जोडणार?”

तेही तपासले. सहाव्यातली एक कमान दोन तुकड्यांत काढलेली होती. ती तिने एकसंध केली. आज्ञा दिली. पीळ तसाच.

“अर्धा अर्धा करून बघ,” मी म्हणाले. “आम्ही ओतकाम फुटलं की तेच करतो. कुठून फुटलं ते आधी शोधतो, का फुटलं ते मागाहून.”

तिने माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. एक ते चार जोडले. पृष्ठभाग लोण्यासारखा आला. पाच ते आठ जोडले, तोही आला. फक्त चारपासून पाचकडे जाताना सगळे आवळले जात होते.

“म्हणजे सगळे शहाणे आहेत. चार आणि पाच यांचंच तेवढं पटत नाही,” मी म्हणाले.

“चार आणि पाच नाही, आईसाहेब. पहिले चार आणि शेवटचे चार. ही दोन घराणी आहेत.”

असे ती गमतीने म्हणाली. तेव्हा तरी तो शब्द तिने गमतीनेच वापरला.

त्याच वेळी यशोधन आत आला. अंगात नवा पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली.

“अजून तेच? अगं, दुपार झाली. मधे एखादा तुकडा घाल आणि चिकटव ना.”

“चिकटवला तर तिथे उंचवटा येईल,” मृणाल म्हणाली. “पाणी त्याच्यावर आपटेल.”

“पाण्याला काय कळतंय!”

“पाण्यालाच कळतं,” मी म्हणाले. “तुझ्या वडिलांनी एवढ्याशा उंचवट्यासाठी पूर्ण पॅटर्न फोडला होता. तू तेव्हा पाळण्यात होतास, म्हणून तुला आवाज ऐकू आला नसेल.”

“आईसाहेब, सॉफ्टवेअर जुनं आहे. नवीन घेऊ. उद्यापासून बघतोच मी सगळं.” तो हसून म्हणाला. “मी झेंडूचं बघून येतो. आणि सासरेबुवा उद्या पूजेला येतायत, त्यांच्या जेवणाचं तेवढं सांगा.”

तो गेला. ‘उद्यापासून’ हा शब्द त्याने किती सहज उच्चारला, हे माझ्या लक्षात राहिले.

मृणालने डोळे चोळले. “आरंभबिंदू बघते,” ती म्हणाली. “प्रत्येक छेद काढताना रेघ कुठून तरी सुरू होते. हा पठ्ठ्या एका छेदाचा आरंभ पुढच्याच्या आरंभाशी जोडतो. एकाचा आरंभ खाली आणि दुसऱ्याचा वर असला तर मधे पीळ पडणारच.”

“आमच्याकडे आरंभ खाचेपासून.”

“ठाऊक आहे,” ती हसली. “पहिल्या वर्षी केवढं बोलला होतात मला! ‘ही तुमच्या माहेरची रीत, वरच्या उजव्या कोपऱ्यातून. इथे चालायची नाही.’ ”

“बोलले नसते तर आजही तुझा हात वरच गेला असता.”

यजमान डावखुरे होते. प्रत्येक फर्म्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात त्यांनी कानशीने एक बारीक खाच पाडली होती, आणि आमच्याकडचा प्रत्येक माणूस रेघ तिथूनच सुरू करी. उभ्या शिरोलीत दुसरे कोणी असे करीत नसे.

मृणालने कुठले तरी बटण दाबले. आठ छेदांवर आठ हिरवे ठिपके उमटले.

तिने आठही ठिपक्यांवरून नजर फिरवली. मग तिने घाईने तेच बटण पुन्हा दाबले आणि ठिपके विझले.

“सापडलं?” मी विचारले.

“हो. म्हणजे… किरकोळ होतं. मी करते नीट. तुम्ही खाली जाऊन या, आईसाहेब. चहाची वेळ झाली तुमची.”

या घरात माझी चहाची वेळ मला कोणी सांगत नाही. मी बसून राहिले. तिने पडदा किंचित आपल्याकडे वळवला, एकेक छेद उघडला, काहीतरी ओढून खाली आणले. चार वेळा. मग आज्ञा दिली. करडा पृष्ठभाग जिभेपासून निघाला, चारवरून पाचवर अलगद उतरला आणि तोंडापर्यंत वळत गेला. यजमानांचा शंख, जसा होता तसा. असे सुंदर काही पाहिले की माणसाच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. मृणालचा चेहरा मात्र पांढराफटक होता.

“छान झालं,” मी म्हणाले आणि उठले.

वयामुळे माझे पाय मंदावले होते; डोळे नाही. ते हिरवे ठिपके मी पाहिले होते.

पॅटर्न शॉपमध्ये सदाशिव मिस्त्री दुसऱ्या दिवशीच्या पूजेसाठी फर्मे घासत बसले होते. शेजारी वाडग्यात भिजवलेली चिंच होती.

“या आईसाहेब. बगा, सोन्यावानी झाल्यात का न्हाईत. खाचंजवळ चिंच लावली न्हाई बरं का. तुमचं कुंकू तसंच ठिवलंय.”

खंडेनवमीला आमच्याकडे भट्टी बंद असते. हत्यारे पुसून मांडतात, यंत्रांना हार घालतात आणि आठही फर्म्यांच्या खाचेवर कुंकवाचे बोट लागते. यजमान असताना ते लावीत. नंतर मी लावू लागले. विधवेने कुंकवाचा करंडा हातात घ्यावा का, असे पहिल्या वर्षी कोणीतरी मागे कुजबुजले होते. मी फक्त वळून पाहिले. त्यानंतर कुजबुज झाली नाही. इतक्या वर्षांच्या कुंकवाने पितळेचा तो कोपरा तांबूस झाला होता. पाचव्या फर्म्याची खाच कुठे आहे, हे मला अंधारातही बोटाने सांगता आले असते.

मृणालच्या पडद्यावर पहिल्या चार छेदांचे ठिपके बरोबर कुंकवाच्या जागी होते. शेवटच्या चारांचे वरच्या उजव्या कोपऱ्यात होते.

“मिस्त्री, पाच ते आठ मधे कधी भिंतीवरून उतरले होते?”

“उतरलीवती की. गनपतीच्या सुट्टीत. धाकल्या मालकांनी गाडीत घातली, घरी बसून काढतो म्हनाले.” त्यांचा हात थांबला. “तुमास्नी इचारलं न्हवतं व्हय?”

“विचारलं होतं,” मी म्हणाले. नोकरांसमोर मी माझ्या मुलाला कधी उघडे पाडले नव्हते. “मृणालला खाली पाठवा. आणि तुम्ही जरा चहा घेऊन या.”

ती आली. मिस्त्री जाईपर्यंत मी बोलले नाही.

“शेवटचे चार छेद कुणी काढले?”

“यांनीच.”

“मृणाल.”

तिने एकदा भिंतीकडे पाहिले. “मी काढले, आईसाहेब. त्यांना वेळ नव्हता. तुमची अट होती म्हणून सांगितलं नाही. चुकलं माझं.”

“वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केलीस?”

“घाईत जुनी सवय… हात गेला तिकडे.”

मी सहावा फर्मा उचलून एका कोऱ्या कागदावर ठेवला आणि मिस्त्रींची पेन्सिल तिच्यापुढे धरली.

“काढ.”

“आत्ता?”

“आत्ता. घाईत.”

तिने पेन्सिल घेतली. डाव्या हाताने फर्मा दाबून धरला आणि उजवा हात सरळ खाली, डावीकडे, खाचेपाशी गेला. शिसे कागदाला टेकले. मग तिला कळले. हात तिथेच राहिला. वर नेण्याचा तिने प्रयत्नसुद्धा केला नाही. पेन्सिल ठेवून दिली.

“तुझ्या वडिलांच्या ऑफिसात काढलेत ना हे?”

“हो.”

“फर्मे गेटबाहेर जात नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं?”

“होतं.”

“आणि ते गेलेत, हे तुला?”

“आज कळलं. ठिपके पाहिले तेव्हा. आमच्याकडे… बाबांच्या ऑफिसात सगळे तसंच काढतात.” तिचा आवाज स्थिर होता, त्याचे मला आश्चर्य वाटले. “पण चारच गेलेत, आईसाहेब. अर्ध्या शंखाचा पंप होत नाही.”

“उरलेले चार उद्या संध्याकाळी गेले असते. किल्ल्यांबरोबर.”

“मी जाऊ दिले नसते.”

“आज मला खोटं सांगितलंस, ते उद्या खरं वागण्यासाठी?”

“एकदा यांच्या हाती कारभार आला असता, की मी सांभाळून घेतलं असतं. ते वाईट नाहीत. ते फक्त… तुमच्याएवढे नाहीत.”

“सांभाळायला मी आहे,” मी म्हणाले. “फर्मे परत टांग.”

त्या दिवशी यशोधनला मी काही विचारले नाही. त्याने झेंडूचे चार मोठे हार आणले होते आणि भाव कसा पाडला ते जेवताना रंगवून सांगितले. मी त्याला आमटी वाढली.

खंडेनवमीला सगळे कामगार धुतलेल्या कपड्यांत आले. विश्वासराव आपल्या मोठ्या गाडीतून उतरले, रेशमी फेटा बांधून. मला नमस्कार करून म्हणाले, “विहीणबाई, आजचा दिवस भाग्याचा. पोरगं मार्गी लागलं.”

“लागलं खरं,” मी म्हणाले.

यंत्रांची पूजा झाली, भट्टीसमोर नारळ फुटला. शेवटी पाटावर आठ फर्मे ओळीने मांडलेले होते. यशोधन माझ्या उजवीकडे उभा होता. माझ्या कमरेच्या किल्ल्यांकडे तो बघत नव्हता. न बघण्याचे कष्ट मात्र घेत होता. मृणाल त्याच्या मागे होती.

मी करंड्यात बोट बुडवले. पहिल्या फर्म्याच्या खाचेवर लावले. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. मग पाचव्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे आजवर कधी कुंकू लागले नव्हते, तिथे बोट टेकवले. सहाव्याच्याही तिथेच.

“आईसाहेब, खाच हिकडं खाली हाय,” सदाशिव मिस्त्री न राहवून बोलले.

“ठाऊक आहे, मिस्त्री. या चारांचा आरंभ आता तिकडून झाला आहे.” सातवा. आठवा. “का ते यशोधनला विचारा. नाहीतर व्याह्यांना.”

यशोधनच्या मानेवरची शीर उडताना मला दिसली.

“विहीणबाई,” विश्वासराव हलक्या आवाजात म्हणाले, “घरातली गोष्ट घरात बोलू. चारचौघांत कशाला?”

“चारचौघांतच. जाताना फर्मे गुपचूप गेले, आता दिवसाउजेडी जाऊ देत.” मी ते चार फर्मे एकावर एक रचले आणि कुंकवासकट त्यांच्यापुढे धरले. “घ्या. तुमच्या माणसांचा हात लागलाय यांना. उष्टं मी देवापुढे ठेवत नाही.”

त्यांनी हात पुढे केला नाही. यशोधनने केला. चारही फर्मे माझ्या हातातून ओढून घेतले.

“काय मोठा गुन्हा केला मी?” तो ओरडला. “चार मी काढले, चार त्यांच्या माणसांनी! ते काय परके आहेत? त्यांच्याकडे नवी भट्टी आहे, बाहेरदेशी माल जातो. दोन्ही कारखाने एक करायचं ठरलंय आमचं. तुम्ही अजून किती वर्षं हे आठ पत्रे भिंतीवर टांगून राज्य करणार आहात?”

“जितकी वर्षं श्वास चालेल तितकी.”

“मग करा एकट्या!”

“करते.”

यशोधन गेटकडे निघाला. विश्वासराव फेटा सावरीत त्याच्या मागे गेले. मृणाल तिथेच उभी होती.

“आईसाहेब,” ती म्हणाली, “मी राहू?”

सगळे ऐकत होते. मी करंड्याचे झाकण लावले.

“सून मुलाबरोबर येते,” मी म्हणाले. “आणि मुलाबरोबर जाते.”

तिने वाकून नमस्कार केला. माझ्या पायांना तिचा हात लागला तो गार होता. मग ती गेटकडे गेली. धावत नव्हे, सावकाश. गेटबाहेर गाडी तिच्यासाठी थांबली होती.

त्यानंतर पुष्कळ वर्षे गेली. दोन कारखाने एक झाले नाहीत. त्यांचा नवा पंप बाजारात आला, चालतो म्हणतात. मी पाहिलेला नाही. यशोधन सांगलीला आहे. त्याच्या मुलाच्या बारशाचे आमंत्रण आले होते. मी चांदीची वाटी पाठवली.

किल्ल्या अजून माझ्या कमरेला आहेत.

गेलेले चार फर्मे मला तेव्हाच पुन्हा करून घ्यावे लागले. मृणालने जोडलेला शंख संगणकात तसाच होता. त्याच्यावरून नवे चार छेद यंत्रावर कापून आणायला मी एका ड्राफ्ट्समनला पाठवले. यजमानांची खाच मात्र सदाशिव मिस्त्रींकडून कानशीने पाडून घ्यायची, असे मी ठरवले होते. फर्मे आले ते मिस्त्रींनी हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि कानस परत ठेवून दिली.

“पाडलीया की, आईसाहेब. येकदम जाग्यावर.”

मी ड्राफ्ट्समनला विचारले, तुला कोणी सांगितले होते? तो म्हणाला, कोणीच नाही, आकृतीतच होती. शेवटच्या चारही छेदांत, खालच्या डाव्या कोपऱ्यात, आरंभबिंदूच्या जागी एक बारीक खाच रेखलेली होती. यंत्राने ती इमानाने कापली होती.

सांगलीच्या माणसांच्या लेखी ती खाच म्हणजे पितळेवरचा ओरखडा; ठिपके खाली ओढताना त्या दुपारी तेवढेही मृणालनेच केले होते. मी शेजारी बसले होते, आणि मला वाटले होते की ती लपवाछपवी करते आहे.

खंडेनवमीला अजून मीच कुंकू लावते. जुन्या चार फर्म्यांवर बोट नुसते टेकवले तरी पुरते. नव्या चारांवर मी दाबून लावते. मिस्त्री आता नाहीत. त्यांच्या जागी आलेल्यालाही त्या कोपऱ्याला चिंच न लावण्याची ताकीद आहे. तरीही त्या चारांवर कुंकू वर्षभर राहत नाही. पितळ नवे आहे. रंग धरत नाही.